चौकशी खिडकी

मला खोली भाड्याने देण्याआधी घरमालक काका माझ्या आधीच्या घरमालकिणीकडे जाऊन आले होते, आणि तिला त्यांनी सगळ्यात आधी काय विचारलं, तर मी चहा कसा घेते. हे मला कळलं ते सामान लावताना. मी ओट्याखाली वाकून गॅसची नळी बसवत होते आणि ते दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, तुम्ही बिनसाखरेचा घेता. आलं चालतं, वेलची चालत नाही. बरोबर ना?"

मी वैतागले. एकट्या राहायला आलेल्या बाईच्या दारात उभं राहून बोलायची ही काय गोष्ट झाली? "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्या गंगापूर रोडच्या बाईंनी. हे त्यांनी बरोबर सांगितलं, म्हणजे बाकीचंही बरोबरच असणार."

बाकीचं काय सांगितलं ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि माझा चहा इतका तपशीलवार माहीत असूनही, मी त्यांच्या घरात राहिले त्या सगळ्या वर्षांत त्यांनी मला कपभर चहा कधी पाजला नाही, हेही आत्ताच सांगून टाकते.

जेल रोडच्या आतल्या एका गल्लीत त्यांचं दोन मजली घर होतं. वर ते एकटे, खाली मी. मी ठिबकच्या पाइपांच्या एका कंपनीत विक्रीचं काम करायचे, म्हणजे अर्धा आठवडा कळवण-सटाण्याच्या बांधावर आणि अर्धा ऑफिसात. ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये, काट्यांकडे बघण्यात गेली. "एकटा काटा खोटं बोलू शकतो," ते म्हणायचे. "म्हणून शेजारचा काटा काय म्हणतो ते बघायचं." निवृत्तीनंतर काटे राहिले नाहीत, तेव्हा त्यांनी हीच रीत माणसांना लावली.

गल्लीतली पोरं त्यांना चौकशी खिडकी म्हणायची. नाव अगदी चपखल होतं. कुणाच्या मुलीचं स्थळ आलं, कुणाला प्लॉट घ्यायचा असला, कुणाला जुनी स्कूटर घ्यायची असली, तर गल्लीतले लोक वर जाऊन त्यांना सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरा शर्ट घालून, खांद्याला कापडी पिशवी लावून निघायचे. पिशवीत काय असायचं? पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा. कारण चौकशीला गेल्यावर कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. "चहा प्यायला की जीभ मऊ पडते," ते म्हणायचे. "आपलीही आणि त्यांचीही." आज ज्याच्याकडे चहा प्यायला त्याच्याबद्दल उद्या कुणी विचारायला आलं तर काय घ्या, म्हणून मग ते कुणाकडेच चहा घेत नसत. दिवाळीत समोरच्या सोनवणे वहिनींनी ट्रे पुढे केला की हात जोडायचे. पहिली काही वर्षं लोकांनी आग्रह केला असेल. मी राहायला आले तोपर्यंत कुणी ट्रे पुढे करायचंही बंद केलं होतं.

दुसरा नियम चहाचाच. ज्याच्याकडून माहिती घ्यायची त्याला आधी विचारायचं, की ते समोरचे चहा कसा घेतात? साखरेचा, बिनसाखरेचा, बशीत ओतून, कसा? ज्याला हे माहीत नाही तो त्या घरात कधी बसलेला नाही. मग तो पुढे कितीही बोलला तरी ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

मी त्यांची खूप थट्टा करायचे. एकदा माझी दाढ दुखायला लागली. मी फोनवर शोधून एक डॉक्टर काढला आणि जाता जाता त्यांना दाखवला. "बघा काका, लोकांनी किती तारे दिलेत. जवळजवळ पाचच्या पाच."

त्यांनी चष्मा वर करून फोन बघितला. "कोणत्या लोकांनी?"

"लोकांनी हो. शेकड्यांनी."

"त्यांच्यातल्या एकाचा तरी चहा माहीत आहे का तुम्हाला?"

मी कपाळाला हात लावला. ते मात्र त्याच संध्याकाळी त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बाहेर येईल त्याला विचारायचे, डॉक्टर कसे आहेत? परत आले तेव्हा जरा गोंधळलेले होते. "मॅडम, एकालाही बोलता येत नव्हतं. सगळ्यांचे जबडे बधिर." मग थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे भूल नीट देतो. जा तुम्ही." मी गेले. दाढ चांगली निघाली, आणि महिनाभर हे मी ऑफिसात सांगून सगळ्यांना हसवत होते.

पण त्यांच्याकडे नुसती थट्टा करण्यासारखंच होतं असं नाही. सोनवणे वहिनींच्या मोठ्या मुलीला एक स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, घर पंचवटीत, वागायला-बोलायला नीट. सगळ्यांनी मनातल्या मनात लग्न लावूनही टाकलं होतं. काका पिशवी घेऊन पंचवटीत गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "देऊ नका."

वहिनींचा चेहरा उतरला. मी तेव्हा त्यांच्याच ओट्यावर मटार सोलत बसले होते. वहिनींनी विचारलं, "का हो? काही वाईट कानावर आलं का?"

"वाईट काहीच नाही."

"मग?"

"सगळे म्हणाले, चांगले आहेत. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"अहो, मग चांगलंच आहे की!"

"नाही, वहिनी." ते उभेच होते. ते बसायचे नाहीत. "वाईट ऐकू आलं असतं तर विचार करता आला असता. भांडखोर आहेत म्हणाले असते, चिकट आहेत म्हणाले असते, तरी हरकत नव्हती. भांडायला तरी कुणीतरी जवळ लागतं. पण त्या आळीत त्यांचा चहा कुणाला माहीत नाही. इस्त्रीवाल्याला नाही, शेजारणीला नाही, दूधवाल्याला नाही. त्या घरात कुणी जात नाही आणि तिथलं कुणी बाहेर येत नाही. उद्या तुमची पोरगी तिथे तापाने पडली तर शेजारच्या भिंतीलाही कळणार नाही. 'चांगले आहेत' म्हणजे माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ."

वहिनींनी ते स्थळ सोडलं. मुलीचं पुढे ओझरला झालं, सासू भांडकुदळ मिळाली, आणि मुलगी सुखात आहे. त्यानंतर गल्लीत काकांचा शब्द म्हणजे शेवटचा.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं काय, हे विचारायची हिंमत मी बऱ्याच उशिरा केली. एकदा पाण्याची टाकी धुवायला आम्ही दोघं गच्चीवर होतो. लांब एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या आणि ते खराटा थांबवून तिकडे बघत होते. मी विचारलं, "काका, तुम्ही का नाही केलंत?"

ते मोकळेपणाने म्हणाले, "केलं असतं. कळवणची मुलगी होती. बघितली आणि मला फार आवडली. मग चौकशीला लागलो."

"आणि?"

"चौकशी चांगली चालली होती. शाळेतल्या बाई, वाण्याचं दुकान, तिच्या मामाचं गाव. सगळीकडून चांगलंच येत होतं. पण एक मावशी मालेगावला होती, तिच्याकडचं राहिलं होतं. तेवढं होईपर्यंत तिचं दुसरीकडे जमलं."

मला हसावं की काय करावं ते कळेना. ते मात्र हसत होते. "लग्नाला गेलो होतो मी. मुलगा चांगला होता. त्याची पण चौकशी केली ना मी."

नंतर आईचं आजारपण, बहिणीचं लग्न, मग बहीणही गेली, आणि दिवस निघून गेले. त्यांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा खराटा घेतला. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला. इतक्या लोकांना इतकं विचारणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलेलं नव्हतं, हे मला त्या टाकीशेजारी उभं असताना कळलं. आपण विचारत राहिलो की समोरचा सांगत राहतो, आणि आपलं काही सांगायची वेळच येत नाही. त्यांना ते सोयीचं वाटत असेल. मग सवय झाली असेल.

एका हिवाळ्यात सकाळी पाण्याची मोटर सुरू झाली नाही. रोज ती ठरलेल्या वेळी घरघरायची, म्हणून मला ते लगेच जाणवलं. वर गेले तर दार आतून लावलेलं. बऱ्याच वेळाने उघडलं. अंगात ताप, डोळे लाल. मी म्हटलं, चहा करून आणते. ते हात जोडून म्हणाले, "नको मॅडम. झोपलो की उतरेल." मी डॉक्टरला बोलावलं, ते त्यांनी चालवून घेतलं. चहा मात्र नाहीच.

त्या तापातून उठल्यावर त्यांनी काहीतरी मनाशी ठरवलं असावं. कारण महिन्याभराने एका रविवारी ते माझ्या दाराशी आले. केस कापलेले, मिशी नीट केलेली. आत या म्हटल्यावर चक्क आत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, मी ज्येष्ठांच्या परिचय मेळाव्यात नाव दिलं होतं."

"काय सांगता!"

"एक बाई आहेत. सटाण्याच्या. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही दोनदा भेटलो. त्या फार छान हसतात हो." एवढं बोलून ते लाजले. सत्तरीला टेकलेला माणूस लाजताना मी तोवर बघितला नव्हता.

मी म्हटलं, "मग सटाण्याला पिशवी घेऊन कधी निघताय?"

त्यांनी मान हलवली. "नाही. यांची चौकशी मी करणार नाही. कळवणला केली ती पुरे झाली. एकदा न विचारता करून बघतो."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मग ते म्हणाले, "पण त्यांनी मला विचारलं, तुमच्याबद्दल कुठे विचारायचं? मी त्यांना सगळं नीट सांगून ठेवलंय. आमच्या गल्लीत या, इस्त्रीवाल्याला विचारा, समोर विचारा, खाली मॅडम राहतात त्यांना विचारा. आणि आधी प्रत्येकाला माझा चहा विचारा. ज्याला माहीत नसेल त्याचं ऐकू नका."

माझी टाळी तिथेच राहिली. "काका," मी म्हटलं, "तुमचा चहा कुणाला माहीत आहे?"

"असेल की," ते म्हणाले. "इतकी वर्षं राहतोय इथे."

"मला माहीत नाही. सांगून ठेवा. सोनवणे वहिनींनाही मी सांगते."

ते एकदम उठून उभे राहिले. "असं करायचं नाही, मॅडम. पढवलेला माणूस लगेच ओळखू येतो. आणि त्या बाईंची ही फसवणूक होईल. तुम्ही आणि वहिनी जे आहे ते सांगा." माझ्या डोळ्यांसमोर ते पंचवटीचं घर आलं. त्यांच्या डोळ्यांसमोर आलं नाही. ते अगदी निर्धास्त जिना चढून गेले, आणि त्या आठवड्यात त्यांनी वरच्या ग्रिलला रंग लावून घेतला.

बाईंचा भाऊ आला तो पुढच्या रविवारी. सटाण्याचा कांद्याचा व्यापारी, उन्हाने रापलेला, स्वभावाने सरळ. आधी तो इस्त्रीवाल्याकडे थांबला, मग सोनवण्यांकडे गेला, मग माझ्याकडे आला. काका त्या वेळी मुद्दाम बाहेर गेले होते, म्हणजे लोकांना मोकळं बोलता यावं.

"ताई, एक इचारू का?" दारातच चपला काढत तो म्हणाला. "ह्या काकासले चहा कसा लागस?"

मी त्याला आधी बसवलं. मग म्हटलं, "भाऊ, चहाचं राहू द्या. माणूस फार चांगला आहे. मी इतकी वर्षं राहते, कधी..."

"बाकीनाबी हेच सांगतस," तो म्हणाला. "इस्त्रीवाला म्हणे, लय चांगला मानूस हाय, कुनाच्या अध्यात ना मध्यात. समोरच्या ताईबी तेच. इस्त्रीवाला म्हणे काका चहा घेतच नाही. ताई म्हणे गोड घेत असतील. आता तुमी सांगा."

"चहावरून माणूस ओळखता का तुम्ही?" मला राग आला होता, पण त्याच्यावर नव्हता.

"मी नाही ओळखत, ताई. मी कांदा ओळखतो." तो ओशाळून हसला. "पन माले बहिननी सांगेल शे, की त्यासनीच असं इचारायले लावेल शे."

खोटं सांगणं मला सहज जमलं असतं. अर्धा चमचा साखर, थोडं आलं, काहीही. तो उठून गेलाही असता समाधानाने. पण सोनवणे वहिनींनी आधीच गोड सांगितलं होतं, आणि इस्त्रीवाल्याने घेतच नाहीत म्हटलं होतं, आणि माझं तिसरंच ठरलं असतं. शिवाय काकांनी जे आहे ते सांगा म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. ते कुणाकडे घेत नाहीत."

"ताप-बीप आला तर त्यासना जवळ कोन ऱ्हास?"

"मी जाते वर," मी म्हटलं. मग मोटरचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, त्यांनी गल्लीत कुणाकुणाची किती कामं केली ते सांगितलं, दाढेचंसुद्धा सांगितलं. मी बोलत सुटले. तो शांतपणे ऐकत होता, आणि मला दिसत होतं की तो ऐकतोय आणि सोडून देतोय. मी केलेला चहा त्याने घेतला नाही. काकांनी तेही बहिणीला शिकवून ठेवलं असणार.

जाताना तो म्हणाला, "तुमी खरं बोललात, ताई. मानूस वाईट नाही, ते माले समजतंय. पन बहीण एकदा एकटी राहिली हाय. आता तिला जिथं चार माणसं येतात-जातात अशा घरात द्यायचीय."

नकाराचा निरोप दोन-तीन दिवसांनी आला. बाईंनी स्वतः फोन केला, फार चांगलं बोलल्या म्हणे. मी ऑफिसातून आले तेव्हा काका जिन्यात पायरीवर बसले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि दोन पायऱ्या सोडून बसले.

"काय म्हणाले लोक?" त्यांनी विचारलं. "चांगले आहेत, असंच ना?"

"हो."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी मान डोलावली. "त्यांनी बरोबर केलं. माझ्याकडे हे स्थळ आलं असतं तर मीसुद्धा हेच सांगितलं असतं." आवाज अगदी शांत होता, कुणा तिसऱ्याबद्दल बोलावं तसा. मला रडू आलं. त्यांना नाही आलं, किंवा आलं असेल तर ते वर जाऊन. थोड्या वेळाने गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि म्हणाले, "मॅडम, उद्या पाणी कमी दाबाने येणार आहे, बादल्या भरून ठेवा."

त्यानंतर ते चौकशीला जायचे बंद झाले असं काही झालं नाही. लोक येत राहिले, ते पिशवी घेऊन निघत राहिले. एवढंच, की 'देऊ नका' असं ते पूर्वीसारखं ठामपणे म्हणेनासे झाले. "तुम्ही स्वतः जाऊन बसा एकदा त्यांच्याकडे," असं म्हणायला लागले. मी मधूनमधून चहाचं विचारायचे, ते हात जोडायचे. आता कशासाठी जोडायचे ते त्यांनाही माहीत नसावं.

पुढे माझी बदली जळगावला झाली. निघायच्या दिवशी सकाळी ट्रक आला, हमालांनी सामान चढवलं. गॅसची नळी काढून झाली होती, भांडी खोक्यांत गेली होती. काका किल्ली घ्यायला खाली आले. रिकाम्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो. किल्ली देता देता मी सहज विचारलं, "काका, आता तरी सांगा. चहा कसा घेता तुम्ही?"

मला वाटलं हात जोडतील. पण त्यांनी चटकन माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर, मग पुन्हा माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "का हो? कुणी आलंय का विचारायला?"

नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. त्यांनी त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला. शर्टाची कॉलर सारखी केली, आणि पाणी किती, साखर कधी टाकायची, हे सगळं मला हळू आवाजात, नीट समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं, म्हणजे चुकायला नको.

दूध आधी उकळून घ्यायचं. साखर अर्धा चमचा. आलं नको, गवती चहाची एक काडी असली तर बरी. कपात द्यायचा, पण बशी हवी, कारण शेवटचे दोन घोट ते बशीत ओतून घेतात.

जळगावला मला फोनवर खूप लोक खूप काही विचारतात. हे अजून कुणी विचारलेलं नाही.